पूर्वेच्या दोरीवरचा सदरा

हाँगकाँगच्या सिग्नल टेकडीवर क्वोक बिंग-नामचं काम तसं सरळ होतं. पूर्वेकडून बोट येताना दिसली की डोलकाठीच्या पूर्वेच्या दोरीवर निशाण चढवायचं, पश्चिमेकडून आली की पश्चिमेच्या. बोट लागली की उतरवायचं. वादळाची चाहूल आली की वेताचे काळे गोळे वर. मधूनमधून हवेचा दाब आणि वारा बघून खाली बंदर कचेरीला टेलिफोन. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. काटा दाखवेल ते खरं, एवढंच तो जाणत होता.

त्याचा एकुलता एक मुलगा आ-वाय बोटींना बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटांच्या लाँचवर खलाशी होता. गेल्या सप्टेंबरात घाईघाईनं निघताना, नेहमीसारख्याच, त्यानं सदऱ्याच्या गुंड्या चुकवल्या होत्या.

"अरे, एक गुंडी वर गेलीय बघ! लोक हसतील," आई सिउ-लिंग दारातून ओरडली.

"आल्यावर तूच लाव नीट," म्हणत तो हसत पळाला. दुपारी तुफान आलं. वादळाचे गोळे बापानंच चढवले होते, पण लाँच फार बाहेर गेली होती. ना लाँच सापडली, ना पोरगं.

तेव्हापासून सिउ-लिंगच्या घशाखाली घास उतरेना. वैद्यानंही हात टेकले.

"तो उपाशी फिरतोय हो," ती म्हणायची. "पाण्यात गेलेल्याचा कपडा उंच धरून हाक मारली की त्याला घर सापडतं. तुमच्या काठीहून उंच काय आहे या गावात?"

"सरकारी काठी आहे ती, कपडे वाळत घालायची दोरी नव्हे!" तो खेकसला. पुढे दिवसभर त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

वर्ष भरत आलं. आभाळ लख्ख, समुद्र शांत, आणि रोज दुपारी टेकडीवरचा हवेच्या दाबाचा काटा तुफानाआधीसारखा खाली घसरू लागला. क्वोकनं दिसलं ते कळवलं.

"काय रे क्वोक, भरदुपारीच चढवलीस का?" टेलिफोनवर बंदर कचेरीतला कारकून रेमेडिओस खिदळला. "आमचा काटा जागचा हलत नाही, आणि तुझ्या एकट्याच्या टेकडीवर तुफान?"

"दिसतं ते सांगतो, साहेब."

"मग डोळे दाखव कुणाला तरी, बाबा."

मग पूर्वेची दोरी ओली लागू लागली. पश्चिमेची कोरडी ठणठणीत. क्वोकनं बोट जिभेला लावून पाहिलं, खारट होतं. पुढे पुढे ती जड झाली. रिकामी दोरी ओढतानाही वाटे, वरचं टोक कुणीतरी धरून बसलंय.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सिउ-लिंगला अंथरुणातून उठवेना. क्वोकनं पेटीतला आ-वायचा दुसरा, धुतलेला सदरा काढला, निशाणांच्या पिशवीत घातला आणि टेकडी चढला.

सवयीनं हात पूर्वेच्या दोरीकडे गेला. उघड्या गुंड्यांचा सदरा वर चढला. वारा नव्हता, तो लोंबत राहिला.

"आ-वाय," त्यानं हाक मारली. "घरी चल रे, बाळा."

टेलिफोन खणखणला.

"पूर्वेच्या दोरीवर काहीतरी चढलेलं दिसतंय. काय येतंय तिकडून?" रेमेडिओसचा आवाज हसरा नव्हता.

"काहीच नाही, साहेब."

"पायलटांच्या धक्क्यावर गर्दी जमलीय. लाँच लागल्यासारखा आवाज झाला म्हणे. खुंटाला ओला दोर बांधलाय, चांगला ताणलेला. दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी. क्वोक, जे काय चढवलंयस ना, ते उतरव."

बोट लागली की निशाण उतरवायचं. त्यानं उतरवलं.

सदरा कोरडा होता.

गुंड्या लागलेल्या होत्या.

एक गुंडी वर गेली होती.

तो घरी धावला. सिउ-लिंग अंथरुणात उठून बसलेली. तिनं सदरा मांडीवर घेतला, गुंड्यांवरून बोटं फिरवली.

"अहो, भात वाढा," ती म्हणाली. "दोन वाडग्यांत. मीही जेवते आता याच्याबरोबर."

त्याचे डोळे वाहू लागले. वाडगी घेऊन तो वळला, तेव्हा ती एकेक गुंडी सोडून नीट लावत होती. खिडक्या बंद होत्या. तरी छातीपाशी कापड हळूहळू वर येत होतं, खाली जात होतं.

"हलू नकोस रे जरा," ती लटक्या रागानं म्हणाली.

कापड थांबलं.