ठकी आराम करत आहे

पाटी: प्राण्यांना खायला देऊ नये.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघी झाडू घेऊन प्राणी उद्यानात हजर. मी आणि माझी नणंद. पगार नाही, चहासुद्धा घरून न्यायचा. आमच्याकडे अस्वलिणीचं अंगण होतं. ठकी तिचं नाव. म्हातारी, झिपरी, आणि पंजा तोंडात घालून तासन्‌तास गुणगुणायची. जुन्या शिलाई मशीनसारखी.

अंगणाला छप्पर नव्हतं. उन्हात फरशी तव्यासारखी तापायची. छपरासाठी आणि हौदासाठी देणगी मागत आम्ही इमारतीच्या इमारती पालथ्या घातल्या. लोकांनी दिलं. उद्यानाकडे बघून नाही, माझ्या तोंडाकडे बघून.

उद्यानाच्या सचिवांनी त्यातून दगडी कमान बांधली. वर देणगीदारांची नावं कोरली.

ठकी त्याच उन्हाळ्यात गेली. भिंतीकडेच्या वीतभर सावलीत तोंड खुपसून.

पाटी: ठकी आराम करत आहे. शांतता राखा.

ही नवी पाटी सचिवांची. जाळीला आतून ताडपत्रीही त्यांनीच बांधायला लावली.

"देणगीदारांचा मेळावा पार पडू दे. मग सांगू हळूच."

"साहेब, तिला पुरलंय. आम्ही दोघींनी माती टाकलीय."

"ताई, आवाज जरा खाली. बाकीची जनावरं उपाशी मारायचीत का?"

नणंदेने माझा दंड धरला. "चल वहिनी. ह्यांच्याशी बोलून आपलंच डोकं फिरायचं."

माझं फिरलेलंच होतं. मी ठरवलं: मेळाव्यात सगळ्यांसमोर ताडपत्री खाली ओढायची. माझ्या शब्दावर ज्यांनी दिलं, त्यांना रिकामं अंगण दाखवायचं.

पाटी: जाळीपासून दूर उभे राहावे.

मेळाव्याच्या सकाळी झाडायला गेले, तर पाण्याचं घमेलं काठोकाठ भरलेलं.

"तू भरलंस?"

"मी कशाला? तूच भरलं असशील. हाताची सवय जाते का लगेच?"

असेलही. कोपऱ्यातला पेंढा मधोमध दबलेला होता. हात लावला. कोमट. ऊन अजून भिंतीपलीकडेच होतं.

लोक जमू लागले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी जाळीला कान लावून उभ्या होत्या. "किती गोड गुणगुणते हो तुमची ठकी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्पीकर! मेलेल्या जिवाचा आवाजसुद्धा विकायला काढला ह्या माणसाने! मी खांबामागे बघितलं, नळाखाली बघितलं, पेंढा उपसला.

वायरसुद्धा नव्हती.

आवाज मलाही येत होता.

पाटी: फक्त कर्मचाऱ्यांसाठी.

अंगणात शिरण्याची आमची एक रीत आहे. शिरणारीने ओरडायचं, "आतलं?" मागच्या खोलीचं दार साखळीने पाडणारी दुसरी, तिने उत्तर द्यायचं, "बंद." ते ऐकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. खोलीत जनावर असतं.

"आतलं?" विळा घेऊन परत आत जाताना मी सवयीने ओरडले.

"उघडंच आहे गं," नणंद हसली. "आत आता आहे कोण?"

मी शिरले.

विळ्याने दोऱ्या कापल्या. ताडपत्री धपकन खाली आली. समोर अख्खा मेळावा, मधोमध सचिव. नणंदही धावत येऊन त्यांच्यात उभी राहिली.

"बघा! ही तुमची ठकी!" माझा आवाज फाटला. "उन्हात भाजून मेली ती! तुमच्या छपराची ह्यांनी कमान केली! बघा नीट!"

टाळ्या वाजल्या.

"अहो, मेली म्हणतेय मी!"

माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे माझ्या पाठीमागे बघत होते, खोलीच्या दाराकडे. आजी कौतुकाने हसत होत्या. सचिव हसत नव्हते. नणंदेने तोंडावर हात दाबला होता.

मी वळले.

फरशी. घमेलं. उघडं दार. बाकी काही नाही.

पुन्हा लोकांकडे तोंड केलं.

त्यांच्या नजरा सरकत होत्या. सावकाश, सगळ्यांच्या एकत्र. दारापासून फरशीवरून, माझ्या दिशेने.

माझ्यापाशी येऊन थांबल्या.

टाळ्याही थांबल्या.

मग त्या नजरा हळूहळू वर चढत गेल्या, माझ्या डोक्याच्याही वर.