ग्रे हेरनचे मालक

पब घेऊन दिलीप सोनटक्केला काय मिळणार होतं, ते आधी पाहू. पैसा फार सुटेल अशी आशा त्यालाही नव्हती. पण रोज सकाळच्या मीटिंगमध्ये गौरव नावाच्या, वयाने कितीतरी लहान साहेबाला ‘काल काय केलं, आज काय करणार’ हे सांगणं सुटणार होतं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात वजन वाढणार होतं. आणि मुख्य म्हणजे, जन्मभर दुसऱ्याच्या खुर्चीसमोर उभा राहिलेला माणूस आता स्वतःच्या खुर्चीत बसणार होता. बायको मंजूषा हे ओळखून होती.

“तुला पब नकोय. तुला मालक म्हणवून घ्यायचंय,” ती म्हणाली होती. “ते मी घरी फुकट म्हणते, हवं तर.”

हॉलंडमधल्या लायडस्खेनडाम गावात फ्लीट कालव्यावर बोटींसाठी जलद्वार आहे, त्याच्या काठावर हा इंग्लिश पब. नाव ‘द ग्रे हेरन’. छत बुटकं, लाकूड काळपट, गालिच्याला ओलसर, आंबूस वास. काउंटरच्या टोकाला उचलायची फळी होती. ती उचलून आत गेलं की मालकाची उंच खुर्ची. चामडं भेगाळलेलं, पण हातांच्या जागा अशा गुळगुळीत की कुणी आत्ताच उठून गेलंय असं वाटावं.

पबचा इतिहास गावात सगळ्यांना थोडाथोडा ठाऊक होता. युद्धानंतर मायदेशी परत न गेलेला इंग्रज आचारी हॅरल्ड, त्याने हा सुरू केला. मग नावाड्याची विधवा कॉरी. मग आयरिश डर्मट, मग बँकेतून निवृत्त झालेला वाउटर. हे सगळे गेले कुठे, विचारलं की उत्तरं तयार असत. हॅरल्ड मुलीकडे, कॉरी स्पेनला, डर्मट कुठेतरी समुद्राकाठी. पोस्टकार्ड मात्र एकाचंही कुणाला आलं नव्हतं. पब विकणाऱ्या वाउटरला दिलीपनेही पाहिलं नव्हतं. नोटरीने दोघांच्या सह्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या होत्या.

एप्रिलमधल्या एका उजळ दुपारी पब उघडला. दिलीपने पायरीवर नारळ फोडला, बियरच्या नळांना हळदकुंकू लावलं. मंडळातला हरिहर हात जोडून म्हणाला, “काय मालक! तीर्थ थंडगार आहे ना?”

दिलीप खुर्चीत बसला. मनासारखं वाटलं. खिडकीतल्या बाकावर तीन म्हातारे आणि फरची कॉलर लावलेली एक बाई बसली होती. जुनी गिऱ्हाइकं असावीत. त्यांना दार कुणी उघडून दिलं, हे त्याला आठवेना.

त्यांतला सगळ्यांत म्हातारा, तपकिरी कोटातला, उठून काउंटरपाशी आला.

“मी हॅरल्ड. ही जागा पूर्वी माझी होती.”

दिलीपने हिशेब केला असता, तर या माणसाची शंभरी केव्हाच उलटलेली निघाली असती. पण पांढरे केस, वाकलेली पाठ, थरथरते हात दिसले आणि कराडच्या घरातलं वळण आपोआप कामाला लागलं. तो उठला. फळी उचलून म्हाताऱ्याला आत घेतलं, हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं, वाकून पाया पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या तिघांनी मात्र मान खाली घातली.

“मी बसेन थोडा वेळ,” हॅरल्ड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिलीपने पब उघडला, तेव्हा म्हातारा खुर्चीत होता.

“मागचं दार उघडं राहिलं असेल,” मंजूषा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दिलीपने दोन्ही दारं स्वतः लावली होती. म्हातारा खुर्चीत होताच. आता वडीलधाऱ्या माणसाला ‘उठा’ म्हणायचं कसं? दिलीपने आडून आडून सांगून पाहिलं. खिडकीत ऊन छान आहे, म्हणाला. तिकडे पाय पसरता येतील, म्हणाला. म्हातारा मान हलवायचा आणि बसून राहायचा.

“तूच बसवलंस ना? आता तूच उठव,” मंजूषा म्हणाली. “मी काय सांगू त्यांना, आमच्या नवऱ्याला बसायचंय?”

दिलीपने दुसरी खुर्ची आणली. सकाळी ती काउंटरबाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला मांडलेली होती. आत ठेवली, पुन्हा बाहेर. चिडून त्याने ती तळघरात टाकली.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. नळ दिलीपने ओढला की नुसता फेस यायचा. म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून हात लावला की ग्लास काठोकाठ. बियरचे पिंप घेऊन येणारा ड्रायव्हर सही म्हाताऱ्याची घ्यायचा. “अहो, मालक मी आहे!” दिलीप ओरडला, तर तो समजूतदारपणे म्हणाला, “हो हो, साहेब. तुम्ही बसा.” खेमेंटेचा माणूस, म्हणजे नगरपालिकेचा, तपासणीला आला. दिलीपने कागद पुढे केले. त्याने ते घेतले आणि दिलीपच्या खांद्यावरून म्हाताऱ्याला प्रश्न विचारले.

दिलीपचा संताप संताप झाला. एवढी नोकरी सोडली ती काय यासाठी? ऑफिसात निदान गौरव नावाने तरी हाक मारत होता.

एका दुपारी त्याने मनाचा हिय्या केला. “हॅरल्ड, उठा. ती खुर्ची माझी आहे.”

म्हाताऱ्याने वर पाहिलं. हात आता थरथरत नव्हते. पाठही सरळ झाली होती.

“दिलीत ना तुम्ही?” तो म्हणाला. मराठीत.

दिलीप मागे सरकला तो थेट फळीबाहेर. फळी त्याच्यासमोर पडली. पुन्हा उचलू गेला, तर कडीच सापडेना.

“मंजू! अगं, हा मराठी बोलला!”

मंजूषा ग्लास पुसत होती. तिने म्हाताऱ्याला विचारलं, “तळघराची किल्ली कुठे ठेवलीस रे?”

“तुझ्याच पर्समध्ये,” म्हातारा म्हणाला. ती हसली. पर्स उघडून किल्ली काढली.

दार उघडून हरिहर आत आला. दिलीपने हात वर केला. हरिहरने ओझरतं पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, आणि काउंटरवर थाप मारली.

“काय मालक! बारीक झालात!”

“बस रे हरिहर,” म्हातारा म्हणाला. “आज कसा काय उगवलास?”

दिलीपने ओरडून पाहिलं. आवाज निघत होता, त्याचा त्यालाच ऐकू येत होता. लोक सौजन्याने त्याच्याकडे पाहत होते, तिरसट म्हाताऱ्याकडे पाहावं तसं. काउंटरवर टेकलेला आपला हात त्याला दिसला. त्यावर डाग पडले होते. हात थरथरत होता.

बाकावरच्या बाईने सरकून जागा केली. उभं राहवेना म्हणून तो बसला.

“मी कॉरी,” ती हळूच म्हणाली. “हा डर्मट. हा वाउटर.”

दिलीपने तिघांकडे पाहिलं, मग काउंटरमागच्या खुर्चीकडे.

“मी हॅरल्डचा कोट काढून खुंटीला लावला होता. डर्मटने त्याला पहिलं गाणं म्हणायचा मान दिला. वाउटरने नुसता जिना चढायला हात दिला,” ती म्हणाली. “तू तर पाया पडलास.”

“मग? परत कसं जायचं?”

डर्मटने खिडकीबाहेर पाहिलं. जलद्वार उघडत होतं. बोट खालच्या पाण्यात उतरत होती.

मंजूषा ट्रे घेऊन आली. दिलीपने तिचं मनगट धरलं.

“मंजू, मी आहे गं. मी, दिलीप.”

तिने हात सोडवून घेतला. रागावून नाही, म्हाताऱ्या माणसांशी वागावं तसा, हळुवार. मग इंग्रजीत, जरा मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून विचारलं, “आजोबा, तुम्ही काय घेणार?”

त्याला सांगावंच लागलं.

तर हिशेब असा. हरिहरला मालक मिळाला. मंजूषाला शांत, कामाचा नवरा मिळाला. हल्ली तो आदळआपट करत नाही, असं ती मंडळात सांगते. गावाला पब मिळाला. हॅरल्डला आणखी एक आयुष्य मिळालं. पबच्या कर्जाचा हप्ता दिलीप सोनटक्केच्या खात्यातून जातो. तो अजून एकदाही चुकलेला नाही.