हिरव्या जर्सीची पाठवणी

माकणीच्या कालव्यावरून कुणी पळताना दिसलं, की त्याची जीप चुकली असणार, एवढंच इंद्रजितला ठाऊक होतं. म्हणून त्यानं मोटारसायकल तिच्या बरोबरीला आणली.

"लोहाऱ्याची जीप चुकली का? बसा, सोडतो."

"न्हाय चुकली," ती न थांबता म्हणाली.

"मग मागं कोण लागलंय?"

"तुमीच की."

त्यानं ओशाळून मान खाली घातली, तर गाडीचा काटा वीसवर. ही पोरगी वीसनं पळत होती आणि वर टोमणेही मारत होती.

ती गजराबाईची लेक शिवांजली, सुट्टीला गावी आलेली. आठ वर्षांपूर्वी शिकायला आयर्लंडला गेली, तिथलीच नागरिक झाली आणि आता त्यांच्या हिरव्या जर्सीत पंधराशे मीटर धावते, हे गावाला माहीत होतं. घामाचा थेंब ती खांद्यानं पुसते, हे मात्र आता इंद्रजितलाच माहीत झालं. तो पाटकरी. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी सोडायचं, हे बघणं त्याचं काम. पाण्याची पाळी चालू होती तोवर सकाळी यायला कारण होतं. पाळी संपली, तरी तो येत राहिला.

"गाडी बिघडलीय," तो म्हणाला. "वीसच्या वर जातच न्हाय."

"मग मी हळू पळू का... तुमच्या गाडीसाठी?"

हरभऱ्यावरचं दव उडायच्या आत तिच्या फेऱ्या संपत. मग कालव्याच्या कठड्यावर बसून ती बोलायची. बारावीनंतर इथं 'आता पुरे' म्हणणारे पुष्कळ होते. तिथं 'अजून एक फेरी' म्हणणारी एक बाई भेटली, ती तिची कोच. ती आठ दिवसांनी परत जाणार होती. 'राहा' म्हणावं असं त्याच्या ओठांवर रोज यायचं... पण म्हटलं, तर तोही 'आता पुरे'वाल्यांतलाच एक झाला असता.

जायच्या आदल्या दिवशी शाळेत तिचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ टेबलावर मांडलेले. तेवढ्यात इंद्रजितचे वडील, आण्णासाहेब, उठले. हिनं खाल्लं इथलं आणि पळती परक्यांसाठी, मग सत्कार कशाचा, असं त्यांनी भर सभेत विचारलं.

शिवांजली उभी राहिली. आवाज कापत होता, मान ताठ होती.

"आण्णा, माझी आई मुरुमची. तीस वर्षं माकणीत राबली. मुरुम सोडून परक्या गावात का राबती, असं तिला कुणी इचारलं का? न्हाय. चांगली नांदली म्हणता. मग मीबी तिथं नांदतीय, असं समजा."

गजराबाई तरातरा पुढं आल्या. कुणाची वाट न बघता टेबलावरचा नारळ उचलला आणि त्याच नारळानं लेकीची ओटी भरली. इंद्रजितचे डोळे भरून आले, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कालव्यावर वाट बघत उभा होता. ती पळत आली, तशी त्यानं गाडी तिच्या बरोबरीला घेतली.

"काल ओटी भरली, म्हंजी पाठवणी झाली," तो चाचरत म्हणाला. "आता सणासुदीला आणायला मुराळी लागंल... मी येऊ?"

ती चक्क थांबली. धावताना ती कधीच थांबत नसे.

"मुराळी भाऊ असतोय, इंद्रजित."

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं गाडीच बंद केली.

"तसं न्हवं. मग... नांदायलाच येतो. लई आवडतीस तू मला."

"आण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं. तवापासून बोलले न्हाईत. चहा तेवढा दोनदा मागितला."

"गाव घरजावई म्हणंल."

"म्हणू दे. पाणी सोडायचं काम तिथंबी मिळंल."

"तिथं पाणी वरनंच सुटतं. रोज." ती हसली, पण डोळे पुसले ते खांद्यानंच. "गाडी ऱ्हाऊ दे इथं. अजून एक फेरी."

आणि ती सुटली. तो चपलांसकट मागं धावला. शेजारच्या रस्त्यानं लोहाऱ्याची जीप आली. चालकानं वेग कमी करून डोकं बाहेर काढलं.

"काय पाटकरी, चुकली का?"

"न्हाय," इंद्रजित धापा टाकत म्हणाला. "गावली."