तेराव्या पोर्टची हाक

सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या संगणक-दालनात फुगे लागले होते. बारा नवे संगणक मांडून झाले होते आणि व्यवस्थापन समितीही आली होती. या मंडळींचा ग्रंथांशी संबंध फीत कापण्यापुरता. अकराच्या ठोक्याला बाराही पडद्यांवर पुस्तके उघडली नाहीत, तर दालनाचे खुर्च्यांचे गोदाम करायचे, असा ठराव त्यांनी एकमताने, आणि एकही पुस्तक न उघडता, संमत केला होता.

एकही पडदा उघडत नव्हता.

ग्रंथपाल मावशीने नेटवर्क दुरुस्त करणाऱ्या भाच्याला बोलावले.

"तुझ्या पदवीचं आज तरी चीज होणार का रे?"

"मावशी, आधी श्वास तरी घेऊ दे!"

त्याने सर्व्हरची नोंद उघडली. संगणकांची ओळख तीन पावलांत होते: एकाने हाक मारायची, सर्व्हरने ओ द्यायची, पहिल्याने ‘ऐकलं’ म्हणायचे, मग संभाषण. येथे सर्व्हरची प्रतीक्षायादी अर्धवट ओळखींनी तुडुंब भरली होती, म्हणून नव्या हाकांना दारातूनच परत पाठवले जात होते. साठलेल्या साऱ्या हाका तेराव्या पोर्टवरच्या, म्हणजे केबल खोचायच्या तेराव्या खाचेतून आलेल्या; संगणक तर बाराच. सर्व्हर ओ देई. ‘ऐकलं’ कधीच येत नसे.

तो सर्व्हरच्या कपाटाकडे गेला. तेराव्या पोर्टमध्ये केबलच नव्हती. दिवा मात्र लुकलुकत होता.

त्याने यादी पुसली. ती पुन्हा भरली. पोर्ट बंद केला; दिवा लुकलुकतच राहिला.

"हाक येतेय ना?" मावशी म्हणाली. "मग आपली ओ पोचत नसेल त्याला. केबल लाव की."

"आणि दुसरं टोक?"

"ठेव टेबलावर. दारात माणूस असता तर खुर्ची दिलीच असती ना?"

अकराला पाच कमी होते. शास्त्र गुंडाळून ठेवून त्याने केबल खोचली आणि मोकळे टोक खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर ठेवले.

‘ऐकलं’ आले.

यादी रिती झाली, बाराही पडदे उजळले, टाळ्यांनी दालन दणाणले. अध्यक्षांनी वाचनाच्या महतीवर भाषण केले आणि एकाही लेखकाचे नाव चुकवले नाही, कारण एकही घेतले नाही. दालन वाचले होते. मावशीने भाच्याच्या पाठीत आनंदाने धपाटा घातला, पहिल्या संगणकावर आपली लाडकी कादंबरी उघडली आणि भराभर पाने उलटत खुदुखुदू हसू लागली.

भाचा नोंद पाहत होता.

मावशी उलटत होती ते प्रत्येक पान तेराव्याने, तिने कादंबरी उघडण्याआधीच, मागितले होते.

कादंबरी तीनशे पानांची. तेरावा सत्तावन्नाव्या पानावर थांबला होता; त्यापुढचे एकही पान त्याने मागितले नव्हते.

"मावशी, थांब जरा."

"थांबते कसली! आत्ता कुठे रंगात येतंय," छप्पन्नावे पान उलटत ती म्हणाली.