फॉर्म भरू नको

बुधवारी दुपारी ओमेश्वर कटरे गोंदियाच्या ऑफिसात आला, तेव्हा त्याच्या खिशात तीन पत्रं होती आणि ती दुसऱ्याच्या हातात द्यायची त्याची तयारी नव्हती.

“आधी शब्द द्या. गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.”

“सोयरीक जुळवण्याआधी मुलगा कसा आहे ते शोधायला लोक माझ्याकडे येतात,” प्रेमिला रहांगडाले म्हणाली. “मी बाहेर बोलले असते तर अर्ध्या गोंदियाची लग्नं मोडली असती. द्या इकडं.”

भिंतीशी बसलेला भुपेंद्र तुरकर हसला. तो प्रेमिलाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एसटीत तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झाला होता आणि आता मेहुणीची गाडी चालवत होता. चौकशीच्या कामात आपलं डोकं बरं चालतं, असा त्याचा समज होता.

ओमेश्वरनं पत्रं टेबलावर ठेवली. साधे पांढरे कागद. अक्षर डाव्या हातानं काढल्यासारखं वाकडंतिकडं.

पहिलं पत्र दोन ओळींचं. ‘नंदलाल, तुला तीन लेकरं आहेत, दोन नाहीत. फॉर्म भरू नको.’

दुसरं थोडं मोठं. ‘बालाघाटच्या रेल्वे फाटकाशी जीप वीस मिनिटं उभी होती. पोर एकदाही रडली नाही. तेव्हाच परत फिरायचं होतं. फॉर्म भरू नको.’

तिसरं त्याच दिवशी आलं होतं. ‘तलावाची पाळ बांधली म्हणून गाव तुला ओळखतं. शुक्रवारी अकरा चाळीसला फॉर्म भरलास, तर ती पोर तुला कधीच ओळखणार नाही.’

“नंदलाल कटरे म्हणजे बांधटोल्याचे?” प्रेमिलानं विचारलं.

“माझे मोठे भाऊ. दोनदा सरपंच होते, गावाची नगरपंचायत झाल्यापासून नगरसेवक आहेत. शुक्रवारी नगराध्यक्षाचा फॉर्म भरायचा आहे.”

“तिसरं लेकरू खरं आहे?”

ओमेश्वर पंख्याकडे बघत राहिला. “वहिनीच्या बहिणीची मुलगी आहे ती. कागदावर तसंच आहे.”

“मी कागदाचं नाही विचारलं.”

“खरं आहे,” तो अखेर म्हणाला. “दोन हजार चार साली झाली. दादाची ती पहिलीच निवडणूक होती. दोनावर तिसरं झालं की माणूस निवडणुकीतून बाद. दत्तक दिलं तरी सुटका नाही. म्हणून झाल्या झाल्या बालाघाटला सुशीलाबाईंच्या घरी दिली. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्याच नावावर नोंद झाली.”

भुपेंद्रनं तोवर कागद उलटसुलट करून पाहिले. “कागदाची काटकसर नाही हं माणसाला,” तो म्हणाला. “वर चार बोटं जागा कोरी, खाली उजवीकडंही कोरी. मधेच आपलं तीन ओळी.”

प्रेमिलानं मान हलवली आणि पाकीट उजेडात धरलं. शिक्का तिरोड्याचा, मंगळवारचा.

“शुक्रवारी अकरा चाळीस, हे कधी ठरलं?”

“सोमवारी संध्याकाळी, घरात. दादा, वहिनी आणि मी. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. मग मी लगेच नागपूरला गेलो, पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म आणायला. आज सकाळी परत आलो, तर हे पत्र.”

“नाव भावाचं आहे. फोडलं कोणी?”

“घरचं सगळं टपाल मीच फोडतो. वीस वर्षांपासून.”

*

बांधटोला तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, धरून वसलेलं आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या शेतांच्या बांध्या, मधे गाव. गुरुवारी सकाळी नंदलाल कटरेच्या बैठकीत आठ-दहा माणसं बसली होती.

नंदलाल अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, आवाजानं मऊ. त्याच्यासमोर लेटरपॅड होतं. माथ्यावर तलावाचं रंगीत चित्र, त्याखाली त्याचं नाव. तो माणसाशी बोलता बोलताच रहिवासी असल्याचं पत्र लिहीत होता. सही झाली की शेजारच्या खोक्यातला शिक्का उचलून उजव्या कोपऱ्यात मारायचा.

“भाऊ, आमच्या दारातला खांब हटवा,” एक म्हणाला.

“होते.”

“भाऊ, खांब हटवाचा नाही. आमच्या गल्लीत अंधार पडते,” दुसरा म्हणाला.

“होते, तुमचंबी होते.”

दोघंही समाधानानं गेले. भुपेंद्रला हसू आवरेना.

बैठक रिकामी झाल्यावर प्रेमिलानं पत्रांचा विषय काढला. नंदलालनं चष्मा पुसला. “ओमू उगाच धावपळ करून राहिला. कोण लिहिते त्यानं काय फरक पडते? लिहिलेलं तर खोटं नाही ना.”

“मग तुम्ही थांबणार?”

“मले कोण थांबू देते, बाई? मागच्या खेपेला म्हटलं होतं, गुडघे दुखतात, आता नको. लोकांनी उचलून गाडीत बसवलं अन् हार घातले.”

तुलसाबाई स्वयंपाकघरात होत्या. भिंतीवर खडूनं किराण्याची यादी लिहिली होती. भुपेंद्रनं वाचली आणि चकित झाला. “डाल, गूल, नारल? हे काय, वहिनी?”

“मी बालाघाटकडची. हिंदी शाळा,” त्या म्हणाल्या. “इथं येऊन पस्तीस वर्षं झाली, पण ते अक्षर हातातून निघतच नाही.”

प्रेमिला पाटावर बसली. “मुलीला नेलं तेव्हा तुम्ही सोबत होता?”

तुलसाबाईंचा हात थांबला. “मी माहेरी खाटेवर होते. चौथा दिवस. हे, सुशीला आणि जीप चालवणारा नत्थूलाल, तिघंच गेले. रस्त्याचं ना यांनी कधी सांगितलं, ना बहिणीनं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मागून मागून तिच्या घरी गेले असते.”

“नत्थूलाल कुठं असतात?”

“तो कधीच वारला. सुशीलाही गेली गेल्या वर्षी. तिचे यजमान तिच्या आधी. पोर एकटी आहे आता.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “आमची मोठी दोघं पुण्याला, रायपूरला. फोन करतात. ती दिवालीला एकदा येते, मावशीकडे आल्यासारखी येते. यांना नाही म्हणता येत नाही ना कोणाला. तेव्हा निवडणुकीला उभे राहा म्हणणाऱ्या गावच्या पंचांना नाही म्हणता आलं नाही.”

परतताना पाळीवर खेमराज गहाणे भेटला. नंदलालचा जुना विरोधक. त्याच्या पूर्वजांनी हा तलाव खोदला होता, हे तो पहिल्या वाक्यातच सांगायचा.

“पाळ आमच्या आज्यानं बांधली, मुरूम टाकून नाव यानं कोरलं,” तो म्हणाला. “पन मानूस खोटा नाही. फॉर्म कधी भरून राहिले ते? आज का उद्या?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मले काऊन सांगतीन? मंगळवारी त्याचा भाऊ भेटला होता नागपुरात. तोबी तिकिटासाठी, मीबी तिकिटासाठी. दिवसभर समोरासमोरच्या ऑफिसांत बसून होतो. तीनदा चहा पिला संगं. त्यानं तोंडातून शब्द नाही काढला.”

गाडीत बसताच भुपेंद्र म्हणाला, “प्रेमिला, हा गोड बोलतो आहे. हाच.”

“मंगळवारी तिरोड्याला पत्र टाकायला याला दोन शरीरं लागतील, भाऊजी. चला बालाघाटला.”

*

रुचि बालाघाटच्या दवाखान्यात नर्स होती. एकवीस वर्षांची, नंदलालसारखी उंच. तिनं दोघांना अंगणात खुर्च्या दिल्या, स्वतः उभी राहिली.

“मम्मीने जाने से पहले सब बता दिया था,” ती म्हणाली. मम्मी म्हणजे सुशीलाबाई. “दिवाली में मैंने मौसाजी से एक ही बात पूछी. मार्च में शादी है, कार्ड पर पिता का नाम किसका लिखूँ? वो चुप रहे.”

“राग नाही आला?”

“आया. लेकिन चिट्ठी लिखकर क्या मिलेगा? मैंने तो मुँह पर पूछ लिया था.” ती पुढे म्हणाली, “मम्मी कहती थी, उस दिन मैं पूरे रास्ते रोई थी. चुप ही नहीं हुई. मुझे अच्छा लगता है सुनकर. मतलब मैंने अपनी तरफ से मना किया था.”

भुपेंद्रला स्वतःला तीन मुली होत्या, आणि तिघींची लग्नं त्यानं दारात मांडव घालून केली होती.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “ओमेश्वरच असणार. भाऊ बसला की तिकीट त्याला. पत्रं दुसऱ्याकडून टाकून घेतली असतील.”

“असं गुपित दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस तो नाही. आपल्याला तीन पत्रं द्यायलाच त्याला किती वेळ लागला!” प्रेमिलानं डोळे मिटले. “आणि भावाला बसवायचं असतं, तर पत्रं घेऊन माझ्याकडे आला नसता. घाबरल्याचं सोंग करून भावाकडे गेला असता.”

*

शुक्रवारी साडेदहाला नंदलालच्या घरासमोर मंडप भरला होता. बँडवाले कपडे चढवत होते. आतल्या खोलीत प्रेमिलानं दार लोटलं. समोर नंदलाल, तुलसाबाई आणि ओमेश्वर.

“नाव सांगा,” ओमेश्वर म्हणाला. “तासाभरात फॉर्म भरायचा आहे.”

“सांगते. तिसऱ्या पत्रात शुक्रवार, अकरा चाळीस लिहिलं आहे. ही वेळ सोमवारी संध्याकाळी या घरातल्या तिघांना कळली. खेमराज काल मलाच विचारत होते, फॉर्म कधी भरताय म्हणून. रुचिला तर कोणी सांगायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे लिहिणारा या खोलीत आहे.”

ओमेश्वर उठला. प्रेमिलानं हातानं बसवलं.

“पत्र मंगळवारी तिरोड्याच्या पेटीत पडलं. तुम्ही मंगळवारी दिवसभर नागपुरात होता, आणि साक्षीदार तुमचे विरोधक आहेत. तुम्ही नाही. राहिले दोघं. पत्रात पाळ आहे, अकरा चाळीस आहे. तुलसाबाईंच्या हातून ‘ळ’ निघत नाही. भिंतीवरची यादी पाहा. बरं, रुचिही हिंदी शाळेतलीच.”

बाहेर कोणीतरी ढोलावर दोन टिपऱ्या मारून पाहिल्या.

“एवढ्यावर मी नाव घेतलं नसतं,” प्रेमिला हळू आवाजात म्हणाली. “पण रेल्वे फाटक आहे. वीस मिनिटं जीप उभी होती आणि पोर रडली नाही. जीपमध्ये तिघं होते. नत्थूलाल गेले. सुशीलाबाई गेल्या, आणि जाईपर्यंत त्यांनी मुलीला उलटंच सांगितलं, की तू रस्ताभर रडलीस. तुलसाबाईंना कोणी काही सांगितलंच नाही. खरं काय झालं हे ठाऊक असलेलं जिवंत माणूस एकच.”

तुलसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“कागदही तेच सांगतो. साधा कोरा कागद, तरी वर चार बोटं जागा सोडलेली. तिथं तलावाचं चित्र असतं. खाली उजवीकडं कोरं. तिथं शिक्का बसतो. भाऊजींनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. वीस वर्षं लेटरपॅडवर लिहिणाऱ्या माणसानं डावा हात वापरला, अक्षर बदललं. जागा सोडायची सवय बदलता आली नाही.”

आपण काय दाखवलं होतं ते भुपेंद्रला आत्ता कळलं.

“दादा?” ओमेश्वरचा आवाज चिरकला. “तू? स्वतःलाच?”

“तुले लिहिली,” नंदलाल म्हणाला. “टपाल तूच फोडतोस ना. वाटलं, तू घाबरशील, म्हणशील, दादा, राहू दे या खेपेला. तू म्हटलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं. माझ्या तोंडून निघत नाही रे. पोरगी समोर उभी राहून विचारते, कार्डावर नाव कोणाचं, अन् मी चहाच्या कपाकडं पाहतो.”

“बीमार आहो म्हणायचं होतं!”

“ते म्हणून पाहिलं. अन् खुर्ची आहे तोवर तिले माझी म्हणता येत नाही. तुमाले सोडून जायचं नव्हतं, तिले घरी आणायचं होतं. दोन्ही एका पत्रात कसं लिहू, समजलं नाही.”

“तिथं ती खरंच रडली नव्हती?” तुलसाबाईंनी विचारलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

“नाही. माझं बोट धरून होती. सुशीलाबाई म्हणाल्या, फाटक उघडेपर्यंत विचार करा. मी म्हटलं, पंच वाट पाहून राहिले.”

तुलसाबाई उठल्या. त्यांनी खुंटीवरची शाल घेतली. “मी निघाले. तुम्ही यायचं तर या. फॉर्म भरायचा तर भरा.”

नंदलाल बाहेर गेला. भुपेंद्र दारातून बघत होता. नंदलालनं हार घातला नाही, माइकही घेतला नाही. जवळच्या पाच-सहा जणांना त्यानं सगळं सांगितलं आणि ते मंडपात मागपर्यंत पसरत गेलं. फॉर्मवर दरवेळी खोटं लिहिलं, हेही सांगितलं. चौकशी होईल, ती मी भोगीन म्हणाला. कोणी शिव्या दिल्या. एक म्हातारी म्हणाली, “मंग आमच्या नळाचं?”

“आता माझ्यानं नाही होत, माय,” नंदलाल म्हणाला. बँडवाल्यांनी टोप्या काढल्या.

ओमेश्वर घरची गाडी घेऊन निघून गेला होता. भुपेंद्रनं न विचारताच आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं.

बालाघाटला पोचायला दोन वाजले. तुलसाबाईंनी दाराची कडी वाजवली. रुचि रात्रपाळी करून झोपेतून उठून आली होती. तिनं मावशीकडे पाहिलं, मग मागे पायरीवर उभ्या असलेल्या नंदलालकडे.

“क्या हुआ, मौसाजी?” ती म्हणाली. “चुनाव हार गए क्या?”

“लढलोच नाही, बेटा.”

रुचि दाराची चौकट धरून बराच वेळ उभी राहिली. भुपेंद्रनं गाडीत बसल्या बसल्या मान दुसरीकडे वळवली. पुन्हा पाहिलं, तेव्हा ती दारातून बाजूला झाली होती, आणि नंदलाल वाकून पायातल्या चपला काढत होता.