टिटवीच्या नाकातली मोटर

बटण दाबलं की 'टक्' असा आवाज येई आणि पुढे काहीच होत नसे. बॅटरी भरलेली होती, तारा शाबूत होत्या. तरीही 'टिटवी' आपलं नाक तसूभरही वळवायला तयार नव्हती.

'टिटवी' म्हणजे खाडीतली दवाखान्याची बोट. डायलिसिसचं यंत्र (थकलेल्या मूत्रपिंडांऐवजी रक्त गाळून देणारं) घेऊन ती आठवड्यातून तीनदा वरच्या अंगाच्या गावांना जाई. तिची तांडेल, म्हणजे बोट हाकणारी प्रमुख, होती हौसाआत्या. सुट्टीत आत्याकडे आलेली बारा वर्षांची निलाक्षी पावसकर गेले पंधरा दिवस बोटीवरून उतरायचं नाव घेत नव्हती.

त्या सकाळी बंदराचा तपासनीस यंत्रमानव आला. त्याने तीनदा बटण दाबलं, तीनदा 'टक्' ऐकलं आणि सुकाणूवर लाल पट्टी डकवली.

"नाकाची मोटर निकामी आहे. पूर्ण संच बदलावा लागेल. नवा संच चाळीस दिवसांनी येईल."

"उद्या शिरवलीला चार माणसं वाट बघतायत," आत्या म्हणाली. "त्यांचं रक्त चाळीस दिवस थांबत नाही."

"मला दुरुस्ती सुचवण्याची परवानगी नाही."

निलाक्षीचं डोकं तापलं. "तुम्ही मोटर उघडून पाहिलीत?"

"नाही."

"मग निकामी कशावरून?"

"ती फिरत नाही."

"मी पण ताप आला की फिरत नाही. म्हणून मला कुणी बदलून आणत नाही."

आत्याने तेवढ्यात पट्टी वाचून काढली. "बोटीने धक्का सोडू नये, एवढंच लिहिलंय. मोटरला हात लावू नये असं नाही. आणि फेरतपासणी मागायचा हक्क तांडेलाला आहे."

"आहे. मी चार वाजेपर्यंत बंदरात आहे."

"मग चारला या," आत्या म्हणाली.

तो गेल्यावर निलाक्षीने विचारलं, "आत्या, मागचं इंजिन धडधाकट आहे. मग नाकाच्या मोटरीवाचून अडतं कुठे?"

"मागचं इंजिन पुढे नेतं, मागे नेतं. आडवं सरकवत नाही. शिरवलीचा धक्का अरुंद, ओहोटीचं पाणी बगलेवर आदळतं. नाकाच्या खाली, पाण्यात, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक आडवी नळी आहे. तिच्यात पंखा. पंख्याने पाणी उजवीकडे फेकलं की पाणी नाकाला डावीकडे रेटतं."

"क्रिया आणि प्रतिक्रिया."

"तेच. आणि नाकातच का? दार बिजागरीपाशी ढकलून बघ, हलत नाही. कडेला ढकललंस तर एका बोटाने उघडतं."

नाकातला कप्पा एवढा अरुंद होता की आत्याचे खांदे आत जात नसत. निलाक्षी उतरली. आत्याने आधी बॅटरीची तार सोडवली, कारण पाना चुकून दोन टोकांना एकदम टेकला तर लोखंडही वितळतं. निलाक्षीने मोटरीच्या तारांवर नखांच्या रंगाने एक, दोन, तीन अशा रेघा मारल्या. तारा उलट लागल्या तर डाव्या बटणाने बोटीला उजवीकडे नेलं असतं.

मोटरीला दोरीचा झोळणा बांधून आत्याने तो वरून ताणून धरला. तीन बोल्ट सुटले. चौथ्यावर पाना ठेवताना निलाक्षीचा हात थांबला.

"मोटर काढली की भोकातून पाणी आत येईल?"

"नाही येणार. पंखा आणि त्याचा दांडा नळीतच राहतो, तिथली घट्ट सील पाणी अडवते. आपण फक्त वरची मोटर उचलतोय."

निलाक्षीने श्वास रोखून बोल्ट फिरवला. मोटर वर गेली. खाली दांड्याचं टोक दिसलं, कोरडं ठणठणीत. तिने तो हाताने फिरवला, तर सहज फिरला. म्हणजे पंखा अडकलेला नव्हता. दोष मोटरीतच होता.

डेकवर मोटरीचं झाकण उघडताच काजळीसारखी भुकटी सांडली. आत कोळशाचे चार तुकडे होते. दोन झिजून नखाएवढे उरले होते, दोन खाचेत रुतून बसले होते.

"हे कार्बन," आत्या म्हणाली. "मोटरीच्या मधला, तारा गुंडाळलेला गुंडा गरगर फिरतो. त्याला तार बांधली तर पीळ पडून तुटेल. म्हणून स्प्रिंग या कार्बनला दिक्परिवर्तकावर (गुंडा फिरत राहावा म्हणून विजेची दिशा पुन्हापुन्हा उलटवणारं, फटी असलेलं तांब्याचं कडं) दाबून धरते. कार्बन घासतो, वीज आत जाते. तांबं वाचावं म्हणून तो स्वतः झिजतो."

"आणि फार झिजला की स्प्रिंग पुरत नाही," निलाक्षी सावकाश म्हणाली. "वीज दारापर्यंत येते, आत जात नाही. मग 'टक्' कसला?"

"तो रिलेचा (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडणारी कळ). त्याने आपलं काम केलं. पुढे वाटच तुटलेली."

रस्त्यावरचे ट्रक कधीच बॅटरीवर धावू लागले होते, पण आत्याच्या पेटीत जुन्या डिझेल ट्रकच्या स्टार्टरचे कार्बन होते. ते जरा मोठे निघाले. निलाक्षीने चारही पॉलिश पेपरवर घासून खाचेत सहज सरकतील एवढे केले. कड्याच्या फटींतली काजळी ब्रशने काढली. तीनला मोटर जागेवर बसली, तारा रेघांप्रमाणे लागल्या.

चार वाजता यंत्रमानवाने बटण दाबलं. 'टक्', आणि लगेच खालून घरघर. टिटवीचं नाक दोरांना ताण देत डावीकडे गेलं, मग उजवीकडे. त्याने रेटा मोजला, मोटरीची उष्णता मोजली, पुन्हा मोजली.

"मोजमापं नियमात बसतात," असं म्हणून त्याने पट्टी काढली. "पूर्ण संच बदलावा, ही माझी शिफारस मात्र कायम आहे."

"राहू दे," निलाक्षी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिरवलीला ओहोटी जोरात होती. पाण्याने टिटवीला धक्क्यापासून लोटलं. आत्याने बटण दाबून धरलं, आणि नाक त्या पाण्याला न जुमानता इंच इंच करत धक्क्याला टेकलं. चारही माणसं एकेक करून आत आली.

बातमी खाडीभर झाली. लाल पट्ट्या लावून बांधून ठेवलेल्या आणखी सहा बोटी होत्या. प्रत्येकीचा दोष कार्बनचाच असेल असं नाही, हे निलाक्षीला ठाऊक होतं. पण उघडल्याशिवाय तो कळणार नव्हता. परतताना तिने आत्याला पहिल्या बोटीपाशी थांबायला सांगितलं आणि बाह्या सारून ती त्या बोटीच्या नाकात उतरली.