माळ्यावरचं कनेक्शन

सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडं दिसलं की समजावं, कोणाच्या तरी सुट्टीचा बळी गेलाय. त्या दिवशी तो धाकटीच्या सुट्टीचा गेला होता.

काम साधं होतं. म्हणजे साहेबांच्या तोंडी तरी साधं. माल, पगार, रजा, कंपनीचा सगळा कारभार ज्या सिस्टिमवर चालायचा ती म्हातारी झाली होती, तिची नवी आवृत्ती चढवायची होती. जुना डेटाबेस बंद करायचा, नवा बसवायचा आणि त्याची सूचनांची फाइल लावून द्यायची. किती मेमरी घे, एका वेळी किती जणांना आत घे, कोणी गप्प बसला तर काय कर, असल्या सूचना. डेटाबेस जागा होताना ती फाइल एकदाच वाचतो. नंतर तुम्ही तीत काहीही लिहा, पुन्हा बंद करून उघडल्याशिवाय स्वारी ढिम्म ऐकत नाही.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्याआधी हेच काम तिचा दादा करायचा, याच खुर्चीत बसून, म्हणून ती सगळ्यांची धाकटी. दादा गेल्यावर कंपनीने तिला त्याच्या जागी घेतलं आणि या मोठेपणाबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. दादा कशाने गेला, हे मात्र कोणी बोलायचं नाही.

मी सांगतो. दोन वर्षांपूर्वी सिस्टिम अडली होती. दादाच्या अंगात ताप, छातीत जळजळ. त्याने रजा मागितली. साहेब म्हणाले, "अ‍ॅसिडिटी असेल. घरून कर हवं तर, पण आजच कर." दादा कपाळाला बाम चोळून माळ्यावरच्या खोलीत जाऊन बसला. आईला सांगून गेला, मला हाक मारू नकोस, डोकं ठिकाणावर राहत नाही. आई बिचारी पोळ्या झाकून खाली बसून राहिली. इकडे साहेबांना त्याचं कनेक्शन चालू दिसत होतं, म्हणजे गडी कामात आहे. ते थोड्या थोड्या वेळाने निरोप पाठवत होते, "झालं का?" दुपारी धाकटी बाहेरून आली आणि वर गेली. दादा खुर्चीत थंड पडला होता. समोर स्क्रीनवर साहेबांचं शेवटचं "झालं का?" तसंच उघडं होतं.

आठवडा व्हायच्या आत शिपाई आला आणि सही घेऊन लॅपटॉप घेऊन गेला. साहेब पाच मिनिटं टेकायलाही आले नाहीत. आईच्या मनातून ते कधी गेलं नाही. "एकदा येऊन बसले असते तर काय झिजले असते का?" असं ती भाजी निवडतानासुद्धा मध्येच म्हणायची.

दादाचं ते कनेक्शन मात्र तुटलंच नाही. समोरचा माणूस अजून आहे का, हे किती वेळाने विचारायचं, त्या सूचनेसमोर दादाने शून्य लिहून ठेवलं होतं. म्हणजे विचारूच नको. "उत्तर दिलं नाही म्हणून माणूस मेला असं होतं का? जेवायला गेला असेल," असं तो हसून म्हणायचा. मग मशीनने कधी विचारलं नाही आणि त्याला कधी कळलं नाही. एकदा बंद केलं तर परत उठेल याची खात्री नाही, म्हणून तो डेटाबेसही कोणी बंद केला नव्हता. जोडलेल्या माणसांच्या यादीत दादाचं नाव तसंच राहिलं, शेजारी त्याच्या कॉम्प्युटरला त्याने दिलेलं नाव, माळा. धाकटी रोज आल्या आल्या आधी ती ओळ बघायची, मग पाणी प्यायची. वेडेपणा म्हणा हवं तर. पण घरात त्याचे कपडेसुद्धा उरले नव्हते. जगात त्याचं चालू असलेलं असं एवढंच होतं.

आणि ते आज तिला बंद करायचं होतं.

बाहेर रणरणतं ऊन होतं, सर्व्हर रूममध्ये हुडहुडी. बाहेर उघडणारी खिडकी नाहीच, फक्त शेजारच्या केबिनकडची काच. पंख्यांची घरघर एका सुरात चाललेली. धाकटीने साधा शटडाउन दिला. तो सभ्य असतो, आतला शेवटचा माणूस स्वतःहून निघेपर्यंत थांबतो. तो थांबला. थांबूनच राहिला.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय अडलंय?"

"एक जण आत आहे, साहेब."

"आज? कोण?" त्यांनी वाकून वाचलं. मग म्हणाले, "मेलेली कनेक्शनं काय पाळून ठेवतेस? काप."

"साहेब, हे दादाचं..."

"मला वाचता येतं. काप म्हटलं ना."

तुम्हीच कापा, असं म्हणायला तिची जीभ वळवळली. पण घरी आई होती, आईची औषधं होती, आणि या नोकरीवाचून दुसरं काही नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! तिने दादाला स्वतःच्या बोटाने बाहेर काढलं. ओळ गेली. डेटाबेस बंद झाला. आणि त्या थंडगार खोलीत तिला बामचा वास आला... आला आणि गेला.

पुढचं काम बिनबोभाट झालं. दुपारी ती सूचनांच्या फाइलीवर आली. कालबाह्य सूचना काढल्या, मेमरी वाढवली. त्या शून्यापाशी हात थांबला.

"शून्य?" साहेब मागूनच बोलले. "तुझ्या भावाचे लाड सगळे. एक मिनिट टाक. जो उत्तर देत नाही, तो माझ्या सिस्टिममध्ये मिनिटभरही बसता कामा नये."

तिने एक टाकलं. डेटाबेस उघडला, तोही फक्त दोघांपुरता. तपासणी होईपर्यंत ती आणि साहेब, तिसऱ्याला दार बंद. साहेब शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये गेले, पाय दुखतात म्हणून बूट काढून सोफ्यापाशी ठेवले आणि लॉगिन झाले.

यादीत दोन ओळी आल्या. धाकटी. साहेब.

मग तिसरी आली. दादा. माळा.

धाकटीने यादी पुन्हा मागवली. ओळ तिथेच होती. मिनिट झालं, मशीनने तिघांनाही विचारलं, आहात का? धाकटीकडून उत्तर गेलं. दादाकडून उत्तर आलं. साहेबांच्या नावासमोर मशीनने लिहिलं, उत्तर नाही, कनेक्शन बंद.

"अगं, मला बाहेर का फेकलं?" केबिनमधून आवाज आला.

ते पुन्हा आत आले. मिनिटाने मशीनने पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर नाही. साहेब तसेच मोज्यांवर दारात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर घाम. "मी हा इथे जिवंत उभा आहे. सांग तुझ्या सिस्टिमला!"

"साहेब, बरं नाही का वाटत?"

"छातीत जरा जळजळतंय. अ‍ॅसिडिटी असेल."

हे शब्द तिच्या कानात आधीच कुठेतरी होते. "डॉक्टरांना बोलावू?" तिने विचारलं.

"आधी काम संपव," ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

तिला आग्रह करता आला असता. नाही केला. करावासा वाटला नाही, खरं ते सांगतो. ती स्क्रीनकडे बघत बसली आणि थोड्या वेळाने तिथे साहेबांची ओळ परत आली. या वेळी मशीनने विचारलं आणि उत्तर आलं. पुढच्या मिनिटालाही आलं. फक्त शेजारी केबिनमधल्या कॉम्प्युटरचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, माळा.

तिने काचेतून पाहिलं. साहेब टेबलावर डोकं टेकून होते. हलत नव्हते. तिने फोन उचलला, तर तोच वाजला. आई होती.

"अगं, तुझे साहेब आलेत गं, ऑफिसच्या फोटोतले. आले एकदाचे!"

"आई... काय बोलतेस?"

"दाराशी उभे. मी बसा म्हटलं, पाणी देऊ का म्हटलं, काही बोलेनात. सरळ वर गेले माळ्यावर. आणि बाई, एवढ्या उन्हात नुसत्या मोज्यांवर. बूट नाहीत की काही नाही."

सोफ्यापाशी बूट नीट जोडून ठेवलेले होते.

"आई, तू वर जाऊ नकोस. शेजारी जाऊन बस. ऐक माझं."

"वर टकटक चाललीय, टाइप करतात तशी. टेबलावर तर काही नाही गं तिथे." आईचा आवाज खाली आला. "आणि मधूनमधून कोणीतरी विचारतंय, 'झालं का? झालं का?' साहेबांचा नाही तो आवाज... तुला सांगायला हवं का कोणाचा?"

"आई, नको!"

"त्या दिवशी हाक मारू नकोस म्हणाला, म्हणून गेले नाही. आज जाते. गुडघ्यांचं बघू मग."

फोन चालूच होता. जिन्याची पहिली पायरी करकरली. धाकटीने फाइल उघडली, एक खोडून शून्य लिहिलं, म्हणजे विचारूच नको. पण उघडा डेटाबेस फाइल वाचत नाही. त्याला बंद करायला हवं होतं. तिने शटडाउन दिला. तो थांबला. सकाळसारखी कनेक्शनं कापून तो बंद करता आला असता, पण मग दादाला पुन्हा कापायचं, आणि आई तर त्याच्याचसाठी अर्ध्या जिन्यात. तिची बोटं कळांवर तशीच राहिली.

करकर थांबली. आई काहीतरी बोलली, अगदी हळू, मायेने, जेवायला वाढताना बोलायची तशी. बामचा वास खोलीभर झाला.

मग फोनमधून, अगदी कानाशी, आवाज आला. "धाकटे... झालं का?"

स्क्रीनवर शटडाउन अजून थांबलेलाच होता. आत माणसं आहेत, ती निघायची वाट पाहतो आहे, असं त्याने लिहिलं होतं. तिने यादी मागवली. तिचं स्वतःचं नाव सगळ्यात खाली होतं. त्याच्या शेजारीही आता माळा लिहिलेलं होतं.